समतोलाचीं उदाहरणें आणि घरांतली शिडी

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत समतोलाचें प्रकरण आलें म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांस तें कंटाळवाणें वाटतें. त्यांत कांहीं हलत नाहीं, कांहीं चमकत नाहीं, धूर निघत नाहीं कीं ठिणगी उडत नाहीं. भिंतीशीं एक शिडी टेंकलेली असते, एक फळी दोन टेकूंवर पडलेली असते, दोरीला एक वजन लोंबत असतें. आणि परीक्षक विचारतो, कीं ह्या दोरीवर ताण किती? विद्यार्थी मनांत म्हणतो, जें जागचें हलतच नाहीं त्याचा हिशेब तो काय करावयाचा! परंतु ह्याच प्रकरणाचा संबंध आपल्या घराच्या छपराशीं, विहिरीच्या रहाटाशीं व नदीवरच्या पुलाशीं येतो. आणि दिवाळीपूर्वीं भिंतींना चुना देण्यासाठीं किंवा नाताळांत उंचावर तारा टांगण्यासाठीं जो माणूस शिडीवर चढतो, त्याच्या हाडांशींही येतो. म्हणून ह्या लेखांत हीं उदाहरणें कशीं सोडवावीं हें सांगण्याचें योजिलें आहे.

वस्तु स्थिर आहे म्हणजे तिच्यावर जोर नाहीं, असें समजणें ही पहिली चूक होय. मेजावर ठेवलेल्या पुस्तकास पृथ्वी अखंड खालीं ओढीत असते. मेज काढून घ्या, म्हणजे ती ओढ तत्काळ दिसून येईल. मेज असेपर्यंत ती दिसत नाहीं, कारण मेज पुस्तकास तितक्याच जोरानें वर रेटीत असतें. रस्सीखेंचीच्या खेळांत दोन्ही पक्ष घामाघूम झालेले असतांही दोराची मधली गांठ कधीं कधीं जागची ढळत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. शास्त्रांत जोरास प्रेरणा किंवा बल म्हणतात. आपण येथें जोर हा घरगुती शब्दच वापरूं. तसेंच जोर खरें पाहतां न्यूटन ह्या एककांत मोजावयास पाहिजे; पण येथें किलोचा जोर म्हणजे तितक्या वजनाची ओढ असें धरूं. न्यूटन पाहिजे असतील त्यानें शेवटीं ९.८ नें गुणावें.

समतोलाच्या अटी दोनच. वर रेटणारे जोर व खालीं ओढणारे जोर सारखे पाहिजेत, आणि तसेंच उजवीकडचे व डावीकडचे; ही पहिली. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. पाटाच्या एका कोंपऱ्यास पुढें व समोरच्या कोंपऱ्यास मागें, असा सारखाच जोर लावला तर दोन्ही जोर एकमेकांस पुरे पडतात, तरी पाट गरकन् फिरतो. म्हणून दुसरी अट अशी, कीं वस्तूस एका बाजूस फिरवूं पाहणारे जोर व उलट बाजूस फिरवूं पाहणारे जोर हेही बरोबरीस आले पाहिजेत. फिरविण्याचें सामर्थ्य केवळ जोरावर अवलंबून नसतें. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि मग कडीजवळ ढकलून पाहा. जोर गुणिलें त्या जोराच्या रेषेचें फिरण्याच्या बिंदूपासून काटकोनांतलें अंतर, हें त्याचें माप. ह्यास परिबल म्हणतात.

आतां विद्यार्थी अडखळतो कोठें तें पाहूं. त्याचा गुणाकार चुकत नाहीं. तो उदाहरण वाचतो आणि लगेच विचारतो, "ह्याला सूत्र कोणतें?" सूत्र नाहीं. वर सांगितलेल्या दोन अटी हीच सारी पुंजी. खरें काम आंकडेमोडीच्या आधींच असतें, आणि तें पेन्सिलीनें करावयाचें असतें. ज्या वस्तूचा हिशेब करावयाचा ती एकच वस्तु निवडावी आणि मनानें तिला सगळ्या जगापासून सुटी करावी. भिंत पुसून टाकावी, जमीन पुसून टाकावी, दोरी तोडून टाकावी. आणि जें जें पुसलें त्याच्या जागीं तें त्या वस्तूवर जो जोर करीत होतें त्याचा बाण काढावा. पृथ्वीचा एक बाण, तो वस्तूच्या गुरुत्वमध्यांतून खालीं. मग जेथें जेथें कांहीं स्पर्श करीत होतें तेथें तेथें एक. स्पर्श नाहीं तेथें बाण नाहीं. आणि शिडी भिंतीला रेटते तो बाण शिडीच्या आकृतींत काढावयाचा नाहीं. तो भिंतीच्या हिशेबांतला आहे. हा एवढा विवेक राहिला म्हणजे निम्में उदाहरण सुटलें असें मी समजतों.

एक सोपें उदाहरण घेऊं. दोघे भाऊ ३ मीटर लांबीच्या बांबूवर ६० किलोंचें पोतें टांगून नेत आहेत. थोरला पुढें, धाकटा मागें. पोतें थोरल्याच्या खांद्यापासून १ मीटरवर आहे. बांबूचें वजन थोडें म्हणून सोडून देऊं. कोणाच्या खांद्यावर किती भार? बांबू ही आपली सुटी केलेली वस्तु. तिच्यावर तीन जोर: पोत्याची खालीं ओढ ६०, आणि दोन खांद्यांचे वर रेटे, जे आपणांस ठाऊक नाहींत. परिबलें कोणत्या बिंदूभोंवतीं घ्यावींत? बांबू कोणत्याच बिंदूभोंवतीं फिरत नाहीं, म्हणून कोणताही बिंदु चालेल. परंतु शहाणा माणूस जेथून एक अज्ञात जोर जातो तोच बिंदु धरतो. कारण त्या जोराचें तेथून अंतर शून्य, आणि तो हिशेबांतून आपोआप गळतो. धाकट्याचा खांदा धरूं. पोत्याचें परिबल ६० × २ = १२०. थोरल्याचें अंतर ३ मीटर, म्हणून त्याचा जोर १२० ÷ ३ = ४०. उरलेले २० धाकट्याचे. ओझें ज्याच्या जवळ त्याला भार जास्त, आणि तो अंतरांच्या व्यस्त प्रमाणांत, हा नियम सिराक्यूजच्या आर्किमिडीजनें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सिद्ध करून ठेविला आहे. घरोघरचे थोरले भाऊ तो न शिकतांच पाळतात. क्वचित् उलटही पाळतात.

उत्तरांत उणें चिन्ह आलें म्हणजे विद्यार्थी घाबरतो व सारें खोडून टाकतो. त्याचें कारण नाहीं. उणें चिन्ह हेंही एक उत्तरच आहे, हें बैलगाडीवरून चांगलें कळतें. समजा, दुचाकी गाडींत ६०० किलो माल आहे, त्याचा गुरुत्वमध्य आंसाच्या २० सेंटिमीटर पुढें आहे, आणि जूं आंसापासून ३ मीटरवर आहे. आंसाभोंवतीं परिबलें घेतलीं तर बैलांच्या मानेनें जुंवास वर द्यावयाचा जोर ६०० × ०.२ ÷ ३ = ४० किलो येतो. आतां तोच माल मागें सरकवून गुरुत्वमध्य आंसाच्या २० सेंटिमीटर मागें नेला, तर उत्तर उणें ४० येतें. म्हणजे जूं वर उचलून धरण्याऐवजीं खालीं दाबून धरावें लागेल. गाडी उलाळ झाली म्हणतात ती हीच. बैलांच्या गळ्याखालचे पट्टे आवळतात, आणि बिचाऱ्या जनावरांस चालवेनासें होतें. माल भरतांना शेतकरी तो थोडासा पुढें ठेवतो, तें ह्याचसाठीं.

कपडे वाळत घालण्याच्या दोरीचें उदाहरणही करून पाहण्यासारखें आहे. दोन खांब ४ मीटर अंतरावर, मध्यें ४ किलोंची ओली चादर, आणि दोरी मध्यें २० सेंटिमीटर खालीं झुकलेली. चादर जेथें टांगली तो दोरीचा ठिपका सुटा करा. दोरीची प्रत्येक बाजू २ मीटर आडवें जातांना फक्त २० सेंटिमीटर चढते, म्हणून तिच्या ताणाचा सुमारें दहावा हिस्साच वर उचलण्याच्या कामीं येतो. दोन बाजू मिळून ४ किलो उचलावयाचे, तर प्रत्येकीचा ताण सुमारें २० किलो. दोरी अधिक ताणून झोळ १० सेंटिमीटरवर आणला तर ताण ४० किलो होतो! झोळ जितका कमी तितका ताण मोठा. आणि चादरीसकट दोरी अगदीं सरळ रेषेंत ठेवणें कितीही बळकट माणसास साधावयाचें नाहीं. फार ताणलेली दोरी तुटली म्हणून पुष्कळदां दोरीस नांवें ठेवतात. दोष बहुधा ताणणाऱ्याचा असतो.

आतां शिडीकडे वळूं. तिची लांबी ५ मीटर, वजन २० किलो. पाय भिंतीपासून ३ मीटरवर, म्हणून माथा ४ मीटर उंचीवर टेंकतो. भिंत गुळगुळीत आहे, म्हणजे ती शिडीस फक्त आडवा रेटा देते. शिडीवर ६० किलोंचा माणूस चढत आहे. शिडी सुटी करा. तिच्यावरचे बाण पांच: मध्यावर तिचें वजन २०, माणूस जेथें उभा तेथें ६०, भिंतीचा आडवा रेटा, जमिनीचा उभा रेटा, आणि पायथ्याशीं घर्षण. घर्षणाची दिशा कोणती? पाय भिंतीपासून दूर पळूं पाहतो, म्हणून घर्षण भिंतीकडे. वरखालीं पाहिलें तर जमिनीचा रेटा २० + ६० = ८०. आडवें पाहिलें तर घर्षण आणि भिंतीचा रेटा सारखे. राहिलें एकच अज्ञात. परिबलें पायथ्याभोंवतीं घेऊं, कारण तेथून दोन अज्ञात जोर जातात व दोन्ही एकदम गळतात.

येथें बहुतेकांची एक ठरलेली चूक होते. शिडीचें वजन तिच्या मध्यावर आहे म्हणून अंतर अडीच मीटर धरतात. अंतर शिडीवरून मोजावयाचें नाहीं. जोराच्या रेषेपर्यंत काटकोनांत मोजावयाचें. वजन उभें खालीं जातें, तेव्हां त्याचें अंतर आडवें, म्हणजे दीड मीटर. भिंतीचा रेटा आडवा, तेव्हां त्याचें अंतर उभें, म्हणजे ४ मीटर. माणसाचेंही आडवेंच अंतर घ्यावयाचें. तो पहिल्या पावलावर आहे तेव्हां तें जवळजवळ शून्य. भिंतीचा रेटा २० × १.५ ÷ ४ = ७.५ किलो. तो मध्यावर पोहोंचला म्हणजे (३० + ६० × १.५) ÷ ४ = ३०. माथ्यावर गेला म्हणजे (३० + ६० × ३) ÷ ४ = ५२.५. आणि भिंतीचा रेटा जेवढा तेवढेंच घर्षण लागतें, हें वर ठरलेंच आहे.

घर्षणाचा स्वभाव काटकसरी माणसासारखा आहे. मागणी असेल तेवढेंच तें देतें, एक कवडी अधिक नाहीं. परंतु तिजोरींत आहे त्याहून जास्त मागितलें म्हणजे दिवाळें वाजतें. ही तिजोरी म्हणजे जमिनीचा उभा रेटा गुणिलें घर्षणगुणांक. कांहीं विद्यार्थी हा गुणाकार करून तेंच घर्षण म्हणून प्रत्येक उदाहरणांत घालतात. तें चूक आहे. तो गुणाकार घर्षणाची कमाल मर्यादा सांगतो, प्रत्यक्ष घर्षण नव्हे. आपल्या उदाहरणांत गुणांक अर्धा धरला तर मर्यादा ८० चे निम्मे, ४० किलो. पायथ्याशीं ७.५ लागत होतें, मध्यावर ३०. तोंपर्यंत शिडी अगदीं स्वस्थ. माथ्यावर ५२.५ लागेल, तें मिळावयाचें नाहीं. बरोबर ४० केव्हां लागेल? ३० + ६० × अंतर = १६० होईल तेव्हां; म्हणजे आडवें अंतर सुमारें २.१७ मीटर. शिडीवरून मोजलें तर सुमारें ३.६ मीटर चढल्यावर, जमिनीपासून जवळजवळ २.९ मीटर उंचीवर माणूस असतां शिडी घसरेल.

ह्या आंकड्याकडे पालकांनींही लक्ष द्यावें, अशी विनंति आहे. आपण शिडी लावतों, खालच्या दोन पावलांवर उभें राहून ती हलवून पाहतों, आणि घट्ट आहे असें म्हणून वर जातों. ती परीक्षा खोटी आहे असें हिशेब सांगतो. खालच्या पावलांवर शिडीकडून कांहीं मागितलेंच जात नाहीं. मागणी वाढते ती वर जातांना, आणि घसरण होते ती पडल्यास हाड मोडेल अशा उंचीवर. उपाय काय? तीच शिडी भिंतीपासून १.४ मीटरवर ठेवली तर माथा ४.८ मीटर उंचीवर जातो, आणि माणूस अगदीं माथ्यावर असतांही लागणारें घर्षण (२० × ०.७ + ६० × १.४) ÷ ४.८, म्हणजे सुमारें २०.४ किलो. मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास. उंची चार भाग तर पायाचें अंतर एक भाग, असा जो कामगारांचा नियम आहे, तो ह्याच हिशेबाचा सारांश होय. पण जमीन कशी आहे हेंही पाहिलें पाहिजे. पावसाळ्यांत शेवाळलेल्या फरशीवर गुणांक पाव इतका उतरला असें धरलें, तर मर्यादा २० किलोंवर येते, आणि ही नीट लावलेली शिडीसुद्धां माथ्याशीं पोहोंचतां पोहोंचतां दगा देईल.

शिडीच्या तळाशीं दुसऱ्या कोणास उभें करण्याची चाल आहे, ती निरर्थक नाहीं. ३ मीटरवर पाय असलेल्या त्या पहिल्या धोक्याच्या शिडीच्या अगदीं तळच्या पावलावर ५० किलोंचा मनुष्य उभा राहिला असें समजा. त्याचें परिबल जवळजवळ शून्य, म्हणून लागणारें घर्षण ५२.५ च्या फारसें पुढें जात नाहीं. परंतु जमिनीचा रेटा १३० होतो व मर्यादा ६५ वर चढते. मागणी तीच, तिजोरी मोठी. मात्र तो मनुष्य कंटाळून मध्येंच निघून गेला तर सारें पूर्ववत् होईल, हें वर चढलेल्यानें विसरूं नये. उलटपक्षीं, घसरण्याच्या भीतीनें शिडी अगदीं उभी लावणें हेंही बरें नव्हे. माथ्यावरचा माणूस मागें झुकला व त्याचें वजन पायथ्याच्या पलीकडे पडूं लागलें, तर भिंतीच्या रेट्याचें उत्तर लवकरच उणें येतें. गाडींत उणें चिन्हाचा अर्थ जूं दाबून धरा असा होता. येथें त्याचा अर्थ भिंतीनें शिडीस ओढून धरावें असा होईल. भिंतीस रेटतां येतें, ओढतां येत नाहीं. शिडी भिंत सोडते आणि माणसासकट मागें येते.

चौकस विद्यार्थी येथें विचारील, कीं भिंत गुळगुळीत कां धरली? आमची भिंत तर खरबरीत आहे. प्रश्न योग्य आहे. भिंतीजवळही घर्षण धरलें तर अज्ञात जोर चार होतात, आणि एका पातळींतल्या वस्तूस समीकरणें तीनच मिळतात: वरखालचें, आडवें आणि परिबलाचें. बिंदु बदलून दुसरें परिबल घेतलें तरी नवें कांहीं हातीं लागत नाहीं. जुनेंच वेष बदलून येतें. सारांश, पुस्तकांतली भिंत गुळगुळीत असते ती विद्यार्थ्यांवर दया म्हणून नव्हे. तसें न धरलें तर स्थिर व ताठ वस्तूंच्या ह्या शास्त्रास उत्तरच देतां येत नाहीं म्हणून. मग शिडी किती वांकते, जमीन किती दबते, हें पाहावें लागतें, आणि तें वरच्या वर्गांत येतें.

आधार तीनाहून जास्त झाले म्हणजे काय होतें, ह्याची एक गोष्ट गॅलिलिओनें १६३८ सालीं लायडन येथें प्रसिद्ध झालेल्या दोन नवीन शास्त्रांवरील आपल्या ग्रंथांत सांगितली आहे. तेथें मात्र आधार तीनच होते, आणि तेही एका रेषेंत. संगमरवराचा एक मोठा खांब आडवा पडला होता. त्याच्या दोन टोंकांजवळ एकेक लाकडाचा ओंडका दिलेला होता. खांब स्वतःच्या वजनानें मध्यें मोडेल अशी कोणास भीति वाटली, म्हणून त्यानें मध्यभागीं तिसरा ओंडका सारला. सर्वांस ती युक्ति पसंत पडली. कांहीं महिन्यांनीं खांब मोडला, आणि तोही नेमका नव्या आधाराच्या वर! टोंकाचा एक ओंडका कुजून खालीं बसला होता, मधला मात्र टणक राहिला होता. त्यामुळें निम्मा खांब निराधार होऊन हवेंत राहिला. दोनच आधार असते तर एक बसल्याबरोबर खांबही त्याच्यासवें खालीं गेला असता, आणि प्रत्येकावरचा भार होता तेवढाच राहिला असता. दोन आधार असले तर भार किती तें गणित सांगतें. एका रेषेंत तिसरा आला म्हणजे तो कोणता आधार केसभर उंच आहे त्यावर ठरतो.

हें पाहण्यास संगमरवराचा खांब नको. चार पायांचा चौरंग ओबडधोबड जमिनीवर ठेवा. तो तीन पायांवर बसतो, चवथा अधांतरीं राहतो, आणि घरांतील माणसें त्याखालीं कागदाची घडी सरकवितात. घडी किती जाड झाली त्यावर त्या पायावर किती भार येईल तें ठरतें. समीकरणांवरून तें काढतां यावयाचें नाहीं. तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेलें भांडें मात्र जमीन कशीही असली तरी डगमगत नाहीं, आणि तेथें आपला हिशेबही अडत नाहीं. दगड तीन, अज्ञात भार तीन, समीकरणें तीन: एक वजनाचें आणि दोन दिशांचीं दोन परिबलें. तीनही दगड मध्यापासून सारख्या अंतरावर व एकमेकांपासूनही सारखे दूर असले, आणि भांड्याचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर आला, तर १२ किलोंच्या हंड्याचे चार चार किलो प्रत्येक दगडावर येतात. हंडा एका दगडाकडे थोडा सरकवून पुन्हा हिशेब करावा. दोन दगडांना जोडणारी रेषा हा परिबलाचा आंस धरला म्हणजे त्या दोहोंचे भार एकदम गळतात, आणि तिसऱ्याचा एका ओळींत निघतो.